बाभुळगावची सरकी गेली कुठे?

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास बहुतेक वेळा गाठींच्या हिशेबात लिहिला जातो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर म्हणून नेमलेल्या रिव्हेट-कार्नॅक यांच्या अहवालांत रुईची आवक-जावक काटेकोरपणे नोंदवली जाऊ लागली. गाठ किती दाबली, तिच्यात कचरा किती, भेसळ किती, मुंबईत भाव काय, हे सगळे या कागदांत सापडते. यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगावसारख्या गावाचा इतिहास शोधायला गेले की हीच आकडेमोड हाती लागते आणि कापूस गेला, पैसा आला, सावकार आला, अशी ओळखीची गोष्ट तयार होते. माझे म्हणणे असे की या गोष्टीत चुकीची वस्तू मोजली आहे. रुई परदेशी गेली, पण तिने बाभुळगावच्या काळ्या मातीतून जवळजवळ काहीच नेले नाही. नेले ते सरकीने. म्हणून या भागातल्या शेतीच्या इतिहासात निर्णायक बदल गाठ बांधली जाऊ लागली तेव्हा घडला नाही. सरकी काढण्याचे काम गावातून उठून रेल्वेच्या कडेला गेले, तेव्हा तो घडला.

हे विधान नुसते भावनेने करता येणार नाही, त्यासाठी कपाशीच्या झाडात डोकवावे लागते. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे साखरेचे रेणू एकाला एक जोडून केलेली लांब साखळी. त्यात कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू यांखेरीज काही नाही, आणि ही तिन्ही द्रव्ये झाडाला हवेतून व पाण्यातून मिळतात. रुईत नत्र असते ते हजार भागांत दोनच्या आसपास. सरकीची गोष्ट वेगळी. तिच्यात वीस-बावीस टक्के प्रथिन असते, म्हणजे नत्र साधारण साडेतीन टक्के. एक क्विंटल कापूस घेतला तर त्यातून चौतीस किलोंच्या आसपास रुई आणि पासष्ट किलो सरकी निघते. रुईतले नत्र सत्तर ग्रॅम भरेल आणि सरकीतले दोन किलो तीनशे ग्रॅम. बोंडातून शेताबाहेर जाणाऱ्या दर शंभर भाग नत्रापैकी सत्त्याण्णव भाग सरकीबरोबर जातात. जुन्या देशी वाणांत रुईचा उतारा याहून कमी, म्हणजे सरकीचा वाटा आणखी मोठा.

ही विभागणी इतकी एकतर्फी का, याचे उत्तर पेशीच्या पडद्यावर सापडते. मुळे मातीतून नत्र घेतात ते नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. झाड त्याची अमिनो आम्ले बनवते, आणि पुढचा बराचसा प्रवास याच रूपात होतो. पण अमिनो आम्लाचा रेणू विद्युतभारित असल्यामुळे स्निग्ध पेशीपटलातून आपोआप पार होत नाही, त्याला दार लागते. ते दार फुकट उघडत नाही. पेशी आधी ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलते. त्यामुळे बाहेरच्या भिंतीत आम्लता साडेपाच पीएचच्या घरात जाते, आत ती सव्वासातच्या आसपास राहते, आणि पडद्याच्या दोन बाजूंमध्ये दीडशे मिलिव्होल्टच्या घरातला विद्युतदाब तयार होतो. उंच टाकीत चढवलेले पाणी जसे परत खाली यायला बघते, तसे हे प्रोटॉन आत यायला बघतात, आणि आत येताना वाहक प्रथिनाच्या दारातून अमिनो आम्लाला बरोबर घेऊन येतात. अशी वाहक प्रथिने असली पाहिजेत हे वनस्पतिशास्त्रज्ञ बराच काळ तर्काने सांगत होते. १९९३ साली जर्मनीत वुल्फ फ्रॉमर आणि अमेरिकेत डॅनियल बुश यांच्या गटांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपातून त्यातल्या एकाचे जनुक वेगवेगळे शोधून काढले. पद्धत मोठी हुशारीची होती. अमिनो आम्ल आत घेता न येणाऱ्या, त्यामुळे उपाशी राहणाऱ्या यीस्टमध्ये रोपाची जनुके एकेक घालून पाहायची, आणि ज्या जनुकामुळे यीस्ट वाढू लागेल ते वाहकाचे जनुक.

कपाशीच्या बोंडात या यंत्रणेची खरी कसोटी लागते. बोंडातला प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या टरफलाच्या बाहेरच्या थरातली एकच एक पेशी असते. ती ताणत ताणत इंचभर लांब होते, मग आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि शेवटी मरून वाळते. त्याच टरफलाच्या आत गर्भ वाढत असतो, पण टरफल म्हणजे आईच्या झाडाची ऊती आणि गर्भ म्हणजे पुढची पिढी. या दोघांत पेशी ते पेशी जोडणारी नळी नसते. त्यामुळे गर्भाला मिळणारे प्रत्येक अमिनो आम्ल आधी टरफलाच्या पेशीतून बाहेर सोडावे लागते आणि मग गर्भाच्या पेशीने ते प्रोटॉनच्या जोरावर आत ओढावे लागते. बाहेर सोडणारी प्रथिने वेगळी, आत ओढणारी वेगळी. एकाच बोंडात, एकाच बीजाला लागून, साखर धाग्यात जाऊन सेल्युलोज होते आणि अमिनो आम्ल गर्भात जाऊन प्रथिन होते. फुलापासून बोंड फुटेपर्यंतच्या साधारण पन्नास दिवसांत झाड रुई आणि सरकी यांचा हिशेब इतका चोख वेगळा करते, की जिनिंगचे यंत्र फक्त त्यावर शिक्कामोर्तब करते.

शेतात हे सगळे उघड्या डोळ्यांनी दिसते, फक्त आपण त्याला रोग म्हणतो. कपाशीवर मावा पडला की पानावर चिकटा येतो. माव्याने सोंड खुपसलेली असते ती रसवाहिनीत, आणि त्या रसात साखर मुबलक व अमिनो आम्ल तुटपुंजे असते. किड्याला वाढीसाठी हवे असते अमिनो आम्ल. ते पुरेसे मिळावे म्हणून तो भरमसाट रस पितो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. तो चिकटा म्हणजे झाडातल्या वाहतुकीचे प्रमाणपत्रच. (हाच मावा शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला. किडा रस पीत असताना सोंड तिथेच कापली की तिच्यातून रस ठिबकत राहतो, आणि झाडाच्या रसवाहिनीचा निर्भेळ नमुना मिळतो.) दुसरा पुरावा लाल्याचा. बोंडे भरू लागली आणि जमिनीतून पुरवठा कमी पडला, की झाड पानांतली प्रथिने मोडते, त्यांची अमिनो आम्ले रसवाहिनीत चढवते आणि सरकीकडे धाडते. मग पाने लाल पडतात. थंडी आणि मॅग्नेशियमची कमतरता यांचाही त्यात हात असतो, पण बोंडांच्या ओढीने पान रिकामे होणे हे मुख्य कारण. यवतमाळ जिल्ह्यात लाल्याची तक्रार हलक्या जमिनीवर आणि जास्त बोंडे धरणाऱ्या संकरित वाणांवर अधिक होते, यात मग नवल राहत नाही.

आता जुन्या व्यवस्थेकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. एवढ्या लांब, तेही बैलाच्या पाठीवर, दोन तृतीयांश वजनाची सरकी वाहून नेणे कुणालाच परवडणारे नव्हते. म्हणून सरकी गावातच काढली जाई, घरोघरी हातचरखीवर आणि मुख्यतः बायकांच्या हातून. रुई बैलावर चढे, सरकी घरात राही. थोडी पुढच्या हंगामाच्या पेरणीला, उरलेली भिजवून गाई-म्हशींना आणि कामाच्या बैलांना. हे कुणी जमिनीची काळजी म्हणून केले नव्हते, वाहतुकीच्या खर्चाने करायला लावले होते. पण परिणाम असा की झाडाने पन्नास दिवस राबून बोंडात जमा केलेले नत्र गोठ्यापर्यंतच जाई, आणि गोठा शेतापासून लांब नसे.

रेल्वेने हा खर्च उलटा केला. १८७० नंतरच्या दशकांत वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस वऱ्हाडभर उभे राहिले, आणि ते उभे राहिले स्टेशनांजवळ व मोठ्या गावांत. बाभुळगावकडच्या शेतकऱ्याला मुंबई–नागपूर मार्गावरचे जवळचे स्टेशन धामणगाव; दुसऱ्या बाजूला यवतमाळ. वणी नावाच्या जिल्ह्याचे नाव १९०५ साली बदलून यवतमाळ झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. लोक तिला पुढे शकुंतला म्हणू लागले. आता बैलगाडीला पोचायचे होते फक्त काही कोस. एवढ्या अंतरात सरकीसकट कापूस नेणे परवडू लागले, आणि वाफेच्या जिनपुढे हातचरखी टिकली नाही. गावातून आता कापूस जाऊ लागला, नुसती रुई नव्हे. सरकी जिनवाल्याच्या ढिगात पडली, आणि पुढे तिलाही बाजार मिळाला. मुंबईहून ती ब्रिटनमधल्या हलसारख्या बंदरांत तेल गाळायला जाऊ लागली. ब्रिटनच्या गोठ्यांतल्या गाईंनी वऱ्हाडची पेंड खाल्ली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

त्या काळात हे कुणाच्याच लक्षात आले नाही असेही नाही. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनतज्ज्ञ १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले आणि त्यांचा शेती सुधारणेवरचा अहवाल १८९३ मध्ये छापून निघाला. तेलबिया अख्ख्या बाहेर पाठवल्याने जमिनीचा कस बाहेर जातो, तेल तेवढे पाठवले तर जात नाही, हा भेद त्यांनी स्पष्ट मांडला होता. तेलातही सेल्युलोजप्रमाणेच कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू यांखेरीज काही नसते. त्यामुळे रसायनाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अचूक होते. पण कापूस खात्याच्या अहवालांची भाषा गाठीची होती. वर्षानुवर्षे त्या खात्याला चिंता राहिली ती धाग्याच्या लांबीची आणि लबाड व्यापाऱ्याच्या भेसळीची.

या मांडणीवर पहिला आक्षेप व्होल्कर यांच्याच अहवालातून उभा राहतो. शेण शेतात जात नाही, ते गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाते, कारण सरपण नाही, हे त्यांनी ठणकावून लिहिले. मग गाईला चारलेली सरकी शेतात परतत होती, असे म्हणण्यात काय अर्थ? गोवरी जळताना नत्र तर हवेतच जाते. आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे माझा दावा थोडा आखडता घ्यावा लागतो. सरकीतले सगळे नत्र शेतात परतत होते असे म्हणता येणार नाही. पण जनावराच्या मूत्रात शेणाइतके किंवा त्याहून जास्त नत्र असते, आणि त्याच्या गोवऱ्या थापता येत नाहीत. ते गोठ्याच्या मातीत मुरे, खतासाठी उकरलेल्या मातीबरोबर शेतात जाई, किंवा शेतात बसवलेल्या जनावरांखालीच पडे. शिवाय वऱ्हाडात एक सरपण असे होते जे शेणावरचा भार हलका करत असे, ते म्हणजे पऱ्हाटी आणि तुराटी, कपाशीची व तुरीची वाळलेली झाडे. परतावा पूर्ण नव्हता, अर्धाच धरा. सरकी धामणगावला उतरवल्यावर तो शून्य होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. काळी जमीन शतकानुशतके खताशिवाय पिकत आली आहे. पावसाबरोबर थोडे नत्र येते, मातीतले जिवाणू थोडे बांधतात, आणि कपाशीच्या ओळींत तुरीचे तास टाकण्याची रीत आहेच. मग सरकी गेल्याने जमीन उजाड झाली असती, तर वऱ्हाडातला कापूस केव्हाच बंद पडला असता. तो पडला नाही. यावर माझे उत्तर असे की जमीन दिवाळखोर होत नाही, ती खालच्या पायरीवर स्थिरावते. येणारे आणि जाणारे जिथे जुळतात तिथे उत्पन्न थांबते, आणि जाणारे वाढवले की तो तोल खालच्या पातळीवर बसतो. वऱ्हाडात कोरडवाहू कापसाचे एकरी उत्पन्न दीर्घकाळ कमीच राहिले, त्याची कारणे पाऊस, वाण, कीड अशी अनेक आहेत, पण भुकेल्या जमिनीचे कारण त्यातून वगळता येत नाही. आणि तुरीबद्दल आपण जरा जास्तच उदार असतो. तूर हवेतले नत्र गाठींत बांधते हे खरे. पण तीही ते दाण्यात भरते, कारण तिच्या शेंगेतही टरफल आणि गर्भ यांच्यामध्ये तोच पडदा आणि तीच वाहक प्रथिने असतात. तुरीच्या दाण्यातही बावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते. जमिनीला मिळते ते गळलेल्या पाल्याचे आणि मुळांचे. डाळ घरात किंवा बाजारात जाते. कपाशीतल्या तुरीने माणसांना जगवले यात शंका नाही. तिने सरकीची भरपाई केली, हे मात्र फार मोठे विधान आहे.

तिसरा आक्षेप बाजाराचा. सरकी फुकट गेली नाही. जिनवाला कापसाचा भाव ठरवताना सरकीचा भाव धरतो, आणि सरकी पडली की कापूस पडतो हे कुठल्याही कापूस बाजारात ऐकू येईल. शेवटी तीच सरकी ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड, होऊन परत येते. हेही खरे. पण ढेप परत येते ती ज्याच्या दावणीला दुभते जनावर आहे आणि हातात पैसा आहे त्याच्याकडे, आणि बाभुळगावची सरकी बाभुळगावातच परतावी असा कुठलाच नियम नाही. सरकीतले प्रथिन माणसाला सरळ खाताही येत नाही, कारण तिच्यातले गॉसिपॉल विषारी असते. रवंथ करणाऱ्या जनावराला ते बऱ्यापैकी पचते. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीर्ती राठोड यांनी सरकीपुरते गॉसिपॉल काढून टाकलेली कपाशी तयार केली आणि २०१८ साली तिला तिथल्या कृषी खात्याची मोकळीक मिळाली. पण यवतमाळच्या शेतात अजून तरी कपाशीची अमिनो आम्ले माणसापर्यंत पोचण्याचा रस्ता गाय-म्हैस हाच आहे. जनावरे घटली की तो रस्ताही अरुंद होतो.

इतिहासकारांचा वाद या प्रश्नाभोवती फिरून जातो, पण त्याला क्वचितच भिडतो. लक्ष्मण सत्य यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात वऱ्हाडातल्या कापसाच्या व्यापाराचा संबंध १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांशी जोडला. त्याआधी १९८३ मध्ये मिशेल मॅकआल्पिन यांनी पश्चिम भारताबद्दल उलट बाजू मांडली होती: बाजार आणि रेल्वेमुळे दुष्काळाची धार कमीच झाली. वाद चालतो तो ज्वारीखालची जमीन, सारा, भाव आणि धान्याची वाहतूक यांवर. माझ्या मते दोन्ही बाजूंनी सरकीचा हिशेब मध्यभागी आणला, तर वाद थोडा बदलेल. कापसाने ज्वारीची जमीन घेतली का, एवढाच प्रश्न उरणार नाही. ज्या जमिनीवर ज्वारी उरली, तिला पूर्वी गोठ्यातून जे मिळत होते ते मिळणे थांबले का, हा त्याहून अवघड प्रश्न उभा राहील.

आज युरियाची गोणी आहे, मग हे सारे गेल्या शतकाचे झाले, असे कुणी म्हणेल. हिशेब सोपा आहे. पंचेचाळीस किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते, आणि नऊ क्विंटल कापसाच्या सरकीतही तेवढेच. म्हणजे नऊ क्विंटलला एक गोणी टाकली की फिटंफाट. प्रत्यक्षात काळ्या जमिनीत टाकलेल्या युरियाचा मोठा भाग झाडाला मिळतच नाही. चुनखडीच्या मातीवर तो अमोनिया होऊन उडतो, आणि पाणी साचले की नायट्रेटचा वायू होऊन जातो. शिवाय गोणीत नत्राखेरीज काही नसते, सरकीत स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियमही असते. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी नेमक्या या भागासारख्या कापूसपट्ट्यासाठी कंपोस्टची पद्धत बसवली, आणि त्यातली मोठी अडचण पऱ्हाटीची होती. ती लवकर कुजत नसे, म्हणून रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतली जाई, आणि मग शेण व गोठ्यातली मूत्र मुरलेली माती तिच्यात मिसळली जाई. ती का कुजत नव्हती? कारण पडद्यांमागे बसलेल्या वाहक प्रथिनांनी तिच्यातले नत्र आधीच उपसून सरकीत नेलेले असते. उरते ते लाकूड. म्हणून नुसती पऱ्हाटी शेतात गाडून सरकीची जागा भरत नाही.

१९७० मध्ये गुजरातेत एच-४ हे संकरित वाण आले आणि २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तसे पुढच्या पेरणीसाठी घरी ठेवायची मूठभर सरकीही ठेवण्याचे कारण उरले नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेने व्यापारी बदलला, पण मोजायची वस्तू बदलली नाही. बाभुळगावच्या शेतकऱ्याला आजही पावती मिळते ती कापसाची. तिच्यावर रुई आणि सरकी वेगळी लिहिलेली नसते, आणि त्या वजनातला दोन तृतीयांश भाग सरकीचा असतो.